विमानाच्या आधी पोहोचणारी यादी

आमचे घर अंधेरी पूर्वेला मरोळ येथे आहे. रात्रंदिवस डोक्यावरून विमाने जातात. परंतु आमच्या नात्यात विमानात बसलेला माणूस एकच, तो म्हणजे माझा मामा. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून तो मुंबईला आला, एसी दुरुस्तीचे काम शिकला आणि आखाती देशात नोकरीला लागला. तीन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून परत जाताना तिकडच्या विमानतळावर त्याला पाच तास बसवून ठेवण्यात आले. त्याचे नाव आणि जन्मतारीख दुसऱ्याच कोणाशी तरी जुळत होती, एवढेच कारण त्याला कळले. शेवटी हा तो माणूस नव्हे, अशी खात्री पटल्यावर त्याला सोडले. बाहेर पडताच त्याने माझ्या आईला फोन केला. म्हणाला, "ताई, मी पासपोर्ट पुढं करायच्या आधीच माझं नाव त्यांच्याकडं होतं!"

हे नाव मामाच्या आधी तेथे पोहोचले कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडते.

पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर खाली चव्वेचाळीस चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यांत नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लिंग आणि मुदत ही माहिती यंत्राला वाचता येईल अशी छापलेली असते. विमान कंपनीच्या काउंटरवर ती यंत्राने वाचली जाते. तिला विमानाचा क्रमांक, वेळ व मार्ग जोडून सर्व प्रवाशांची यादी ज्या देशात विमान उतरणार, त्या देशाच्या सरकारकडे पाठवली जाते. हीच 'प्रवाशांची आगाऊ माहिती' होय. विमान आकाशात असतानाच तेथील अधिकारी ती यादी आपल्याकडील फरारी, संशयित आणि हरवलेल्या पासपोर्टांच्या याद्यांशी पडताळून पाहतात. मामा अरबी समुद्रावर झोप काढत होता, तेव्हा त्याचे नाव तपासले जात होते!

यादीची कल्पना नवी नाही. विमानात प्रवाशांची नावे, चढण्याचे व उतरण्याचे ठिकाण यांची यादी असावी, असे १९४४ च्या शिकागो करारातच म्हटले आहे. नवे आहे ते यादीने विमानाच्या पुढे धावणे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये ठराव क्रमांक २३९६ संमत करून ही पद्धत सर्व सदस्य राष्ट्रांना बंधनकारक केली. आपल्याकडे २०२५ च्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने विमान आणि जहाज कंपन्यांवर प्रवाशांची माहिती पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. तो कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

याहून वेगळी आहे ती तिकीट काढतानाची माहिती: पैसे कोणी व कसे भरले, संपर्काचा क्रमांक कोणता, सामान किती. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी ती उड्डाणाच्या चोवीस तास आधी सीमाशुल्क खात्याला द्यावयाची असते. ती पाच वर्षांपर्यंत ठेवता येते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मुंबईकरांना दूर शोधावे लागत नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या कटातील अनेक जण मुंबईहून दुबईला गेले आणि तेथून शस्त्रांच्या प्रशिक्षणासाठी पाकिस्तानात नेले गेले. तेथे उतरताना त्यांच्या पासपोर्टवर शिक्केच मारले गेले नाहीत, ही गोष्ट खटल्यात पुढे आली. परत आल्यावर पासपोर्ट पाहणाऱ्याला दिसणार ती फक्त दुबईची सहल! शिक्का ही एका देशाने दिलेली साक्ष असते. त्या देशाने मौन पाळले की कागद मुका होतो. अशा वेळी मधल्या देशाने आपल्याकडून पुढे गेलेल्या विमानांच्या याद्या दाखवल्या, तरच माग लागू शकतो. म्हणजे एकट्या देशाची यादी अपुरी असते. शेजाऱ्यांनी मिळून माहिती वाटून घ्यावी लागते.

अशी वाटणी कॅरिबियन बेटांनी करून दाखवली. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकात आपला संघ बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून लवकर परतला, हे सर्वांना आठवते किंवा ऐकून माहीत असते. पण त्याच स्पर्धेसाठी तेथील दहा लहान देशांनी काही महिने आपसांतील सीमा एकत्र केल्या होत्या. एका देशात तपासणी झालेला प्रेक्षक बाकीच्या नऊ देशांत मोकळेपणाने फिरू शके. त्यासाठी विमाने आणि जहाजे या दोहोंच्या प्रवाशांची आगाऊ माहिती बार्बाडोस येथील एका संयुक्त केंद्रात तपासली जाई. स्पर्धा संपली तरी हे केंद्र चालूच राहिले. एकट्याने परवडणार नाही ते दहा जणांनी मिळून केले. आपल्याकडे गावकरी मिळून रात्रीची गस्त घालतात, त्यातलाच हा प्रकार.

तथापि यादी म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. दाऊद गिलानी या अमेरिकन नागरिकाने २००६ मध्ये कायदेशीररीत्या नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली असे घेतले आणि नंतर अनेकदा मुंबईत येऊन २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी पाहणी केली. पासपोर्ट अस्सल, नावही कायदेशीर. यादीत ते निर्दोषच दिसले असते. आणि प्रत्यक्ष हल्ला करणारे दहा जण तर समुद्रमार्गे आले. त्यांची यादी कोण पाठवणार?

उलट बाजूने पाहिले तर निरपराध माणूस यादीत अडकू शकतो. येथे मला आपल्या लोकांची काळजी वाटते. यादी जुळवण्याच्या मुख्य खुणा दोन: नाव आणि जन्मतारीख. आपल्या खेड्यांत आईवडिलांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहीत. माझ्या मामाची तारीख १ जून, माझ्या वडिलांचीही १ जून! आता नावाचे पाहा. 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन लिपीत कोणी 'डी, एन, वाय' अशा अक्षरांनी सुरू करतो, तर कोणी 'जी, वाय' अशा. एकाच माणसाची दोन नावे होतात, आणि एका नावाची व एका तारखेची दहा माणसे निघतात. शिकलेल्या घरात या चुका वेळीच दुरुस्त होतात. आमच्यासारख्या घरांत त्या प्रथम विमानतळावर कळतात.

आणि माहिती देशोदेशी वाटली जाते तेव्हा चूकही तितक्याच वेगाने वाटली जाते. म्हणून माहितीच्या देवाणघेवाणीबरोबर दुरुस्तीचीही सोय हवी. अमेरिकेत २००७ पासून अशा चुकीने अडवल्या जाणाऱ्या प्रवाशाला अर्ज करून एक क्रमांक मिळवता येतो. तिकीट काढताना तो दिला की घोटाळा टळण्यास मदत होते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. परंतु देशाच्या सुरक्षेसाठी सरकार आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देऊ शकते. तपासाची गुप्तता समजण्यासारखी आहे. पण 'तुमचे नाव चुकून जुळले, पुन्हा जुळू नये म्हणून येथे अर्ज करा' एवढे सांगण्याने कोणते गुपित फुटेल?

मी यादीच्या विरुद्ध नाही. ज्या शहराने १९९३ आणि २००८ पाहिले, त्या शहरात राहून तसे म्हणता येणार नाही. यादी हवी, शेजाऱ्यांशी तिची देवाणघेवाणही हवी. परंतु यादीतल्या प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी नोकरी आणि कोणाचे तरी घर असते, हे ती वाचणाऱ्याने विसरू नये.

मामा आता प्रवासाला निघताना शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेतो. त्यावर १ जून ही तारीख गुरुजींच्या अक्षरात आहे. त्या दाखल्याचा परदेशात काही उपयोग होईल की नाही, कोण जाणे! पण आपण कोण हे सांगणारा त्याच्याजवळचा सर्वांत जुना कागद तोच आहे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)