अजगर घरी ठेवावयाचा तर

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस, उत्तनच्या वाटेवर, मुर्धे, राई आणि मोर्वा ही गावे एकामागून एक लागतात. त्यांच्या सभोवार मिठागरे, खाजणे, तिवरांची राने आणि अद्याप शिल्लक राहिलेली भाताची खाचरे असा जो दमट मुलूख पसरलेला आहे, तो उंदीर-घुशींना जितका मानवतो तितकाच त्यांच्यावर उपजीविका करणाऱ्या सर्पांनाही मानवतो. अशा मुलखात पावसाच्या तोंडावर बांधाच्या कडेला वीतभर लांबीचे, अंगावर तपकिरी ठिपके असलेले पिल्लू दृष्टीस पडले आणि ‘अजगराचे पिल्लू आहे, विषारी नाही, घरी नेऊ’ असे कोणाच्या मनात आले, तर त्याने हात पुढे करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, वीतभर लांबीचे पिल्लू अजगराचे नसतेच. अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच ते दीड-दोन फूट भरते. वीतभर असते ते पुष्कळदा घोणशीचे, आणि घोणशीचे पिल्लू जन्मतःच विष व विषदंत घेऊन येते. मोठ्या जनावरातही हा घोटाळा होतो. पाठीवर काळ्या कडांच्या गोलसर ठिपक्यांच्या तीन रांगा शिस्तीने गेलेल्या दिसल्या, तर ती घोणस समजावी. अजगराच्या अंगावरचे डाग मोठे, वेडेवाकडे आणि एकाशी एक न जुळणारे असतात. ही खूण दुरून दिसते, आणि ती दुरूनच पाहावी.

बरे, ते पिल्लू खरोखरच अजगराचे निघाले, तरी त्याला घरी नेण्याची मुभा कोणासही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणे, ताब्यात ठेवणे अथवा विकणे हा अपराध असून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. ताबेदाराने जनावर प्रेमाने ठेवले की पैशांच्या लोभाने, असा भेद कायदा करीत नाही, आणि तो न करणेच मला न्याय्य वाटते. कारण ज्या शेतात तो घुशी खाऊन राहतो तेथे त्याला कोणत्याच पालकाची गरज नाही, आणि शेतकऱ्याला मात्र त्याची आहे. अजगर वस्तीत शिरला असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर वर्दी द्यावी, अथवा खात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्रास बोलवावे, आणि तो येईपर्यंत माणसे व कुत्री दूर ठेवावीत.

तेव्हा घरी ठेवण्याचा विचार ज्याच्याविषयी करता येतो तो अजगर निराळा. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, घाना, टोगो, बेनिन या देशांतून जगभर गेलेला, जेमतेम चार-पाच फूट वाढणारा आणि भ्याला म्हणजे डोके आत दडवून अंगाचा गोळा करणारा असा हा ‘बॉल पायथन’ गेल्या काही वर्षांत मुंबईच्या आसपासच्या घरांतून दिसू लागला आहे. तो आला कसा, हा प्रश्न सुखद नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून खाऊच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन जप्त केले. आणि असा प्रवास किती जनावरांना जिवंत पुरा करता येत असेल, याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी. ही जात वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आणि म्हणून आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मोडते. २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते, आणि त्याची वीण, मृत्यू वा हस्तांतर कळवावे लागते. ज्याच्यापाशी नोंदीचा दाखला नाही त्याच्याकडून जनावर घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो.

येथून पुढे जे सांगावयाचे ते एकाच गोष्टीभोवती फिरते. अजगराला स्वतःच्या देहाची उष्णता नाही. ती तो उन्हाकडून आणि जमिनीकडून उसनी घेतो, आणि त्याला पेटीत घालणाऱ्या माणसाने ऊन व जमीन या दोहोंची कामे आपल्या शिरावर घेतलेली असतात. या नियमास एक विलक्षण अपवाद आहे. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात वालाँसिएन या शास्त्रज्ञाने अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या अजगराच्या मादीचे अंग भोवतालच्या हवेहून उष्ण असल्याचे मोजून दाखविले, आणि पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या अभ्यासातून सिद्ध झाले की, ही ऊब ती आपले स्नायू वारंवार आकुंचित करून उत्पन्न करते. परंतु हे सामर्थ्य काही मोजक्या जातींचे आणि केवळ मातृत्वाच्या त्या दोन महिन्यांपुरते आहे. एरव्ही पचन, रोगप्रतिकार, हालचाल हे सर्व बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून. म्हणून पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ अंश ठेवावी, व दोन्ही बाजूंस अंग चेपून बसता येईल अशी एकेक लपण्याची जागा द्यावी. ऊब आणि आडोसा यांतून एकाचीच निवड करण्याची पाळी त्याजवर येऊ नये. उष्णतेचे साधन कोणतेही असो, त्यावर थर्मोस्टॅट हवाच. पोटाखालचा तापलेला पृष्ठभाग भाजतो आहे हे या प्राण्याला वेळेवर उमगत नाही, आणि तो तेथेच पडून राहून पोटाची त्वचा जाळून घेतो.

राईसारख्या खाडीकाठच्या गावी वर्षातले बरेच महिने ही उष्णता आपोआप मिळते; प्रश्न येतो तो जानेवारीच्या रात्री, पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा, आणि त्याहून अधिक वातानुकूलित खोलीत, जेथे हवा थंड आणि कोरडी अशी दुहेरी प्रतिकूल होते. ओलाव्याविषयी परदेशी पुस्तकांतील सल्ला येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. थंड देशांतील पालक पेटीत पाणी फवारून ५५ ते ६५ टक्के आर्द्रता कशीबशी राखतो. आपल्याकडे जुलैत ती न मागता नव्वदीकडे जाते, आणि मग पेटीतील भुसा ओला राहून पोटाच्या खवल्यांवर तांबूस डाग व फोड येतात. यास्तव पावसाळ्यात पाण्याचे भांडे थंड बाजूस ठेवावे, भुसा वरचेवर बदलावा, जाळीतून वारा खेळता राहील अशी तजवीज करावी. आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, कात टाकण्याची वेळ आली की, ओले शेवाळ घातलेला एक डबा आत ठेवावा.

कात टाकण्याचा हा विधी सावकाश पाहण्याजोगा असतो. आधी अंगाचा रंग मंदावतो, पोट गुलाबी दिसू लागते, आणि डोळ्यांवर निळसर दुधी पडदा येतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो चिडखोर होतो व अन्न नाकारतो, आणि त्याला हात न लावणे हीच त्याची सेवा. चार-पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर तो तोंडाची कड एखाद्या खडबडीत लाकडावर घासतो, आणि ओठांपासून सुटलेली कात, पायातला मोजा उलटा काढावा तशी, शेपटीपर्यंत सलग निघून येते. ती उजेडासमोर धरून पाहावी: डोळ्यांवरची दोन पारदर्शक झाकणे तीत आलेली असली पाहिजेत. ती आली नसतील, किंवा कात तुकड्यातुकड्यांनी निघाली असेल, तर हवा कोरडी होती असे समजावे. डोळ्यावर राहिलेले झाकण नखाने अथवा चिमट्याने काढू मात्र नये, त्यासाठी पशुवैद्य हवा.

आहाराविषयी नवख्या पालकाची घालमेल सर्वांत मोठी, आणि बहुतेक वेळा निष्कारण. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत अजगरही आहे. आपोआप समोर येईल ते घ्यावे, आणि काहीच न आले तर पुष्कळ दिवस निराहार पडून राहावे, हा बोध त्याने त्याच्यापासून घेतला. त्या वर्णनामागचे निरीक्षण अचूक आहे. लहान पिल्लाला आठवड्यास एक, प्रौढाला दोन ते चार आठवड्यांनी एक उंदीर पुरतो, आणि थंडीच्या मोसमात धडधाकट नरही दोन-तीन महिने तोंड लावीत नाही. वजन टिकून असेल तर चिंतेचे कारण नाही. मात्र खातो तेव्हा त्याच्या देहात केवढी उलथापालथ होते! ब्रह्मी अजगरावरील प्रयोगांत असे दिसले की, मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, आणि पचन संपल्यावर पुन्हा पूर्ववत् होते. हे जाणणाऱ्याला खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला उचलू नये या नियमाचे वेगळे समर्थन लागणार नाही. भक्ष्य मेलेले, गोठवून नंतर कोमट केलेले, आणि अजगराच्या जाडीएवढेच द्यावे. जिवंत उंदीर पेटीत सोडण्याची हौस काहींना असते. भूक नसलेल्या अजगराला तो उंदीर कुरतडतो, आणि उंदरालाही त्या कोंडलेल्या भयातून नेण्याचा अधिकार कोणास नाही.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी बुडबुडे, घरघर ही फुप्फुसाच्या विकाराची लक्षणे होत. ती दिसताच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा, आणि असा वैद्य कोठे आहे हे जनावर आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे. हात लावल्यानंतर साबणाने धुणे हे घरातील मुलांसाठी अनिवार्य समजावे, कारण सापांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरतात.

राहता राहिला काळाचा प्रश्न, आणि तोच पुष्कळांकडून विसरला जातो. हा प्राणी चांगल्या निगराणीत वीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने तर २०२० मध्ये, साठी ओलांडल्यावर, आणि कित्येक वर्षांत नराचा सहवास नसताना, अंडी घातली. शाळेत असताना अजगर मागणारा मुलगा नोकरीसाठी परगावी जाईल तेव्हा पेटी आईवडिलांच्या गळ्यात पडणार, हे आधीच ठरल्यासारखे आहे. कंटाळा आला म्हणून त्याला खाजणात सोडून देण्याचा विचार तर मनातही आणू नये. फ्लोरिडात असे सोडलेले व पळालेले ब्रह्मी अजगर दलदलीत रुजले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या भागातील रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. आफ्रिकेचा बॉल पायथन राईच्या पावसात कदाचित जगणारही नाही, परंतु आपल्याबरोबर आणलेले परके गोचीड आणि रोग तो येथल्या अजगरांना देऊन जाईल. ज्याला सांभाळ पुढे चालविणे अशक्य झाले असेल त्याने नोंदीच्या कागदांसह जनावर दुसऱ्या जाणत्या पालकाच्या नावे रीतसर हस्तांतरित करावे, किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्यांशी बोलून त्याची व्यवस्था लावावी. आणि ही तजवीज कोण करणार, हे घरातील मोठ्या माणसांनी पेटी विकत घेण्याच्या दिवशीच ठरवून लिहून ठेवावे.