सावली कुठं पडलीय, ते आधी पाहा

शिरगावात, केळवे-माहीमच्या बाजूला, पालघरमधल्या जुन्या घरांत ओटीवर पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरी अजून दिसतात. टोपी घातलेले आजोबा, नऊवारीतली आजी, खुर्चीच्या हातावर बसवलेलं मूल. घरातली माणसं त्यात नाकडोळे कुणावर गेलेत ते शोधतात. एकदा ते बाजूला ठेवून नुसता उजेड पाहावा.

सुरुवात डोळ्यांपासून करावी. बाहुलीत पांढरा ठिपका दिसतो, ते दिव्याचं प्रतिबिंब. बाहुलीला घड्याळाची तबकडी मानलं आणि ठिपका दहाच्या जागी असला, तर दिवा आपल्या डाव्या हाताला, चेहऱ्याच्या वर होता. ठिपका चौकोनी असेल तर बहुधा खिडकीचा उजेड. गोल असेल तर वाटीसारख्या परावर्तकातला बल्ब. दोन ठिपके म्हणजे दुसरा दिवाही होता. मग नाकाची सावली. ती सरळ ओठांकडे उतरली असेल तर दिवा समोर आणि उंचावर होता. 1930च्या दशकात मार्लेन डीट्रिशचा चेहरा हॉलिवूडने याच उजेडात घडवला. सावली तिरकी जाऊन गालाच्या सावलीला मिळाली आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण तेवढा उरला, तर ती रेम्ब्राँ या डच चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी. गावातल्या फोटोग्राफरला ही नावं ठाऊक असोत वा नसोत, मांडणी त्याच्या हातात असे.

ती हातात आली कुठून? एक वाट पालघरवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्याच रुळांवर आहे. मालाडला 1934 साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी केली. तिथला छायालेखक योझेफ विर्शिंग म्युनिकचा. ‘प्रेम संन्यास’ या 1925च्या मूकपटासाठी तो पहिल्यांदा भारतात आला होता. जर्मन चित्रपटांत तेव्हा अंधाराला उजेडाइतकंच काम असे, आणि ते शिक्षण त्याने मालाडला आणलं. 1936च्या ‘अछूत कन्या’त देविका राणीच्या चेहऱ्यावर पाठीमागून दिलेला उजेड पाहावा. केसांची कड उजळते आणि डोकं पडद्यापासून सुटं होतं. युद्धकाळात ब्रिटिशांनी जर्मन म्हणून त्याला स्थानबद्ध केलं. सुटल्यावर त्याने 1949चा ‘महल’ चित्रित केला. मधुबालाचा चेहरा तिथे बराच वेळ अंधारात राहतो आणि म्हणूनच लक्षात राहतो. ‘पाकीज़ा’चं चित्रण हाती होतं; ते पूर्ण होण्याआधी, 1967 साली तो गेला. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात त्याने काढलेली छायाचित्रं कुटुंबाने जपली आणि 2017 साली ती गोव्यात प्रदर्शनात मांडली गेली. माझ्या मते आपल्याकडच्या प्रकाशयोजनेचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

दुसरी वाट दादरची. तिथे 1948 साली जे. एच. ठक्कर यांनी इंडिया फोटो स्टुडिओ सुरू केला. राज कपूर, नर्गिस यांच्यासारखी मंडळी त्यांच्या दिव्यांसमोर बसली. तारेतारकांचे असे फोटो मासिकांतून, कॅलेंडरांतून गावोगाव पोचले आणि लग्न ठरवायच्या फोटोसाठी आलेली मुलगीही मान तशीच किंचित वळवू लागली.

साधनं मोजकीच होती. सिनेमावाले ज्यांना ‘बेबी’ आणि ‘सोलर’ म्हणतात, त्या स्पॉटलाइटांच्या पुढे फ्रेनेलची कड्याकड्यांची काच असते. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती दीपगृहांसाठी शोधली. पुढे स्टुडिओत तिने उजेडाचा झोत चेहऱ्यापुरता आवळला. तालुक्याच्या स्टुडिओला हे परवडत नसे. तिथे पत्र्याच्या परावर्तकात मोठे बल्ब, पुढे बटर पेपर, सावलीच्या बाजूला पांढरं कापड. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौपट कमी होतो, हे गणित तिथे पावलांनी मोजलं जाई. फिल्म मंद, म्हणून ‘हलू नका’. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असे. त्यामुळे उन्हात, खाऱ्या वाऱ्यात रापलेली कातडी त्यावर आणखी काळी उतरे. आरशापाशी ठेवलेल्या पावडरच्या डब्याचं एक कारण हेही होतं.

मग टचिंग. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके देत सुरकुत्या भरायच्या. निगेटिव्हवर काळं केलेलं प्रिंटमध्ये उजळ होतं. हॉलिवूडमध्ये जॉर्ज हरेल या छायाचित्रकाराच्या निगेटिव्हही अशाच पेन्सिलीखालून जात; तिथे त्या 8 बाय 10 इंचांच्या असत. मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालते, 35 मिलिमीटरच्या चिमुकल्या चौकटीवर चालत नाही. छोटा कॅमेरा आला आणि ही कला बसली.

दिव्यांवर घाव घातला तो फ्लॅशने. जळत्या बल्बखाली फोटोग्राफरला सावली आधी दिसायची. दिवा वीतभर सरकवला की ती सरकायची, आणि तो तिच्याकडे बघत राहायचा. फ्लॅशचा उजेड क्षणात येऊन जातो, सावली कळते ती फिल्म धुतल्यावर. मग दोन्ही बाजूंना छत्र्या लावून सावलीच घालवून टाकायची पद्धत पडली. काम सोपं झालं, चेहरे सपाट झाले. आज ज्यांना असे फोटो काढायचे आहेत त्यांना मी एवढंच सुचवीन, की दोन दिवे विकत घेण्याआधी एकाच दिव्याने, सावली बघत बघत, शिकावं.

जुनं आहे ते मात्र वेगाने जातंय. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. उरलेल्यांचा शत्रू म्हणजे आपली किनाऱ्याची हवा. दमटपणाने जिलेटिनवर बुरशी धरते, काळ्या भागांवर चंदेरी झाक चढते, ॲसिटेटच्या निगेटिव्हला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो. असा वास आला की ती निगेटिव्ह लगेच वेगळी काढावी, कारण तिचा वायू शेजारच्यांनाही बिघडवतो, आणि आधी तिचंच स्कॅनिंग करावं. तसबीर समुद्राकडच्या ओल्या भिंतीवर असेल तर आतल्या भिंतीवर न्यावी. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून सोडवू नये, आधी काचेवरूनच त्याचा नीट फोटो काढून ठेवावा. आणि चौकट कधी उघडलीच, तर कार्डाच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही टिपून घ्यावा. पुष्कळ फोटोग्राफरांचं नाव आता तेवढ्याच जागी उरलं आहे.