दूधगंगाकाठचे पिण्याचे पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये दूधगंगेच्या महापुराने सदलगा परिसराला वेढले. त्याच महिन्यात, १५ तारखेला, खेड्यांत घरोघरी नळ देणारे 'जलजीवन मिशन' जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. कर्नाटकात त्याचे नाव 'मनेमनेगे गंगे'. आपल्या घरांत याचा अर्थ सांगायला नको!

पण दारी आलेली गंगा शुद्धच राहील असे नाही. पुराचे पाणी विहिरीत आणि संडासाच्या खड्ड्यात शिरते, फुटक्या पाइपातून मैला नळात येतो. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे पसरलेल्या काविळीने बळी घेतले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्या. घागरीत हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या. एवढे तर आपल्याच हातात आहे.