स्टेरॉइडची गोळी: घेताना आणि थांबवताना

नवीन जालना असो की कुंडलिका नदीपलीकडचं जुनं जालना. दमा, संधिवात, त्वचाविकार यांच्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं नाव दिसू शकतं. हे औषध घरात असेल, तर एवढं माहीत हवं.

काय आहे? मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलसारखं औषध. सूज उतरवतं. जिममधली स्नायू वाढवणारी स्टेरॉइड वेगळी.

सुरुवात: सप्टेंबर १९४८, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. संधिवाताच्या रुग्णाला प्रथमच कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं गेलं. हेंच, केंडाल, राइकस्टाइन या संशोधकांना १९५०चं नोबेल.

ताकद: डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड ०.७५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम. आकडा लहान, जोर तेवढाच.

कशी घ्यावी?
• दिवसाला एकच मात्रा असेल, तर सहसा सकाळी, नाश्त्यानंतर.
• स्टेरॉइडचा इनहेलर असेल, तर तो ओढल्यावर खळखळून चूळ भरावी, पाणी थुंकून टाकावं.
• रक्तातली साखर, रक्तदाब, हाडं आणि डोळे तपासत राहावं.

अचानक बंद नको: तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यास शरीराच्या ग्रंथी सुस्तावतात. गोळी एकदम थांबवल्यास प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणं असे धोके. मात्रा डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात.

२०२१चा धडा: कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस, म्हणजेच ‘काळी बुरशी’ पसरली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्यामागची प्रमुख कारणं.

मेडिकलवर: प्रेडनिसोलोन ‘शेड्यूल एच’मधलं औषध, चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.