जावाच्या सफाईवरचा आळ

'माइनक्राफ्ट' जावात लिहिलेला, मग बाकीचे मोठे गेम जावात का नाहीत? एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे गार्बेज कलेक्टर. वापरून झालेली मेमरी जावा स्वतः शोधून मोकळी करते आणि तेवढ्यात गेम थबकतो. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्यातले दहा सफाईने खाल्ले की पडद्यावर झटका बसलाच.

ही तक्रार जावाहून जुनी आहे. जावा 1995 ची, तर ही सफाई जॉन मॅकार्थी यांनी 1959 च्या सुमारास लिस्प भाषेसाठी शोधली. (कृत्रिम बुद्धिमत्तेचं बारसं करणारे म्हणून ते सर्वांना ठाऊक.) एमआयटीत उद्योगक्षेत्रातल्या पाहुण्यांना लिस्पचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. यंत्र आयबीएम 704, उत्तरं छापायला सेकंदाला दहा अक्षरं टंकणारा फ्लेक्सोरायटर. मध्येच मेमरी संपली. टंकयंत्र संथपणे सांगू लागलं, की कचरा गोळा करणाऱ्याला बोलावलं आहे, आणि पुढे त्याची रंजक आकडेवारी! उरलेला सगळा वेळ त्यातच जाणार, हे उघड होतं. मॅकार्थी आणि व्याख्याते हसून बेजार. यांची कुणीतरी खोडी काढली असावी, असं पाहुण्यांना वाटलं असेल, असं मॅकार्थींनीच पुढे लिहिलं आहे.

पण सगळा आळ सफाईवर घेणं मला पटत नाही. 'युनिटी' या गेम इंजिनात गेम सी-शार्पमध्ये लिहितात, तिथेही कलेक्टर आहेच. शिवाय जावाचा झेडजीसी हा कलेक्टर 2021 पासून मिलिसेकंदाच्या आत आटोपतं घेतो.

खरी अडचण मेमरीतल्या मांडणीची. सी++ मध्ये गेममधल्या हजार बाणांची स्थानं सलग बसवता येतात, आणि प्रोसेसर पंगतीत वाढत जावं तसा सरळ पुढे सरकतो. जावाच्या यादीत बाण नसतात, त्यांचे पत्ते असतात. प्रत्येकाचं पान वेगळ्या गल्लीत. वर प्रत्येक ऑब्जेक्टला हिशेबाचं बाड चिकटलेलं: स्थानाचे तीन फ्लोट म्हणजे 12 बाइट, पण नेहमीच्या 64-बिट जावात जागा जाते 24. सी-शार्पकडे यावर सलग मांडता येणारा 'स्ट्रक्ट' आहे. जावाला तशी सोय देण्यासाठी 'प्रोजेक्ट व्हॅलहॅला' 2014 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी माइनक्राफ्टच्या 1.8 आवृत्तीत ठोकळ्याच्या स्थानाचे तीन आकडे सुटे न ठेवता 'ब्लॉकपॉस' या चिमुकल्या, न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये बांधायला सुरुवात झाली. कोड देखणा झाला, कचऱ्याचे ढीग वाढले. म्हणून जावातले मुरलेले गेमवाले नवे ऑब्जेक्ट टाळतात, जुनेच घासूनपुसून वापरतात. म्हणजे आयती सफाई मिळूनही झाडू यांच्याच हातात!

आणि कन्सोल? तिथली साधनं, इंजिनं मुख्यतः सी++ ची. माइनक्राफ्टचीही फोन-कन्सोलवरची आवृत्ती सी++ मध्ये वेगळी लिहावी लागली. उलट बटणांच्या फोनवर जावाचंच राज्य होतं. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज 40 फोनांत अख्खा गेम 64 किलोबाइटांत कोंबावा लागे, तरी मुंबईच्या 'इंडियागेम्स'सारख्या कंपन्या त्यावर उभ्या राहिल्या. मेमरीची चणचण तिथे कितीतरी जास्त होती. पण जावा निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत आधीपासून बसवलेली असे. प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवाल्यांनी गेमसाठी तिला दारात उभं केलं नाही.