ओट्यावरचा छापखाना

मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापून विकायला आणले, तेव्हा त्यांच्या हाताशी विलायती यंत्र नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिळेवरून कागद छापून निघताना त्यांनी पाहिले होते. त्यावरून त्यांनी लाकडाचा हातप्रेस उभा केला, इकडून तिकडून शिळेचे तुकडे मिळवले आणि शाई कशी साधते ते स्वतःच करून पाहिले. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या पुस्तकात या खटपटीची हकिकत आली आहे. पुढे या छापखान्याचे मोठे नाव झाले. पण त्याची सुरुवात अशी जुळवाजुळवीतून झाली.

आज घरच्या घरी छापचित्रे काढू पाहणाऱ्यांची अडचण काहीशी तशीच असते. कलामहाविद्यालयाच्या मुद्राचित्रण विभागात शिरले की पहिली नजर जाते ती एचिंग प्रेसकडे. उसाच्या चरकासारखे दोन भक्कम रूळ, त्यांच्यामधून सरकणारा पोलादी पाट आणि बाजूला हाताने फिरवायचे चाक. असे यंत्र घरी आणायचे तर पैसा हवा, जागा हवी आणि जमिनीला वजन पेलण्याची ताकदही हवी. त्यामुळे शिक्षण संपले की मुद्राचित्रणही सुटते.

वास्तविक प्रेसचे काम एकच: शाई लावलेल्या पृष्ठभागावर कागद सर्वत्र सारखा दाबणे. हा दाब चमच्याच्या पाठीने देता येतो, तळहाताने देता येतो, पुरी लाटायच्या प्रेसनेही देता येतो. कोणत्या पद्धतीला किती दाब लागेल, हे मात्र शाई कुठे थांबते यावर ठरते.

शाई उंचवट्यावर थांबली तर तो उठावाचा ठसा. वुडकट, लिनोकट आणि शाळेतला भेंडीचा ठसा हे सगळे त्यातलेच. शाई खाचेत भरली तर एचिंग किंवा ड्रायपॉइंट. पृष्ठभाग सपाटच आहे, पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही म्हणून शाई ठरावीक जागीच धरली, तर लिथोग्राफ. आणि शाई भोकांतून पलीकडे उतरली तर स्टेन्सिल किंवा स्क्रीन प्रिंट. दारापुढे रांगोळी गाळायचा छापही याच जातीचा. उठावाला दाब कमी पुरतो, खाचेला सर्वांत जास्त लागतो. घरी हात बसवायचा तर उठावापासून सुरुवात करावी, ती एवढ्याचसाठी.

खोडरबर आणि कटरचे पाते यांवर पहिला ठसा होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे आकार कापून लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवले की दुसरा. पुठ्ठ्यावर सुतळी, जाळीदार कापड, वाळलेली पाने फेविकॉलने बसवून वर व्हार्निशचा पातळ हात दिला की कोलोग्राफची पाटी तयार होते. व्हार्निश नसेल तर पुठ्ठा शाई पितो आणि दोन छापांतच फुगतो.

यापुढची पायरी म्हणजे लिनोकट. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरण्यासाठी निघाले. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूने घट्ट होते. त्यात बुचाचा भुगा मिसळून तो तागाच्या कापडावर थापला की लवचिक, गुळगुळीत पत्रा मिळतो. लाकडात तंतू असतात, त्यामुळे हत्यार आडवे गेले की कपची उडते. लिनोला तंतू नाहीत. हत्यार हवे तसे वळते.

हे स्वस्त साहित्य कलेच्या दालनात आले ते काही जणांच्या हट्टामुळे. लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये १९२०च्या दशकात क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवत. कोरण्यासाठी छत्रीच्या काडीपासून केलेले हत्यारसुद्धा चालते, असे त्यांचे मत होते. छापचित्राची किंमत सामान्य माणसाच्या सिनेमाच्या तिकिटाएवढी असावी, असाही त्यांचा आग्रह होता. १९२७ साली त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोटारी, भुयारी रेल्वे आणि शर्यती या वेगवान विषयांवर केलेली रंगीत लिनोकट आज संग्रहालयांत आहेत.

आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३० साली, दांडीयात्रेच्या वर्षी, काठी टेकत चाललेल्या गांधीजींचे लिनोकट केले. नवशिक्याने हे चित्र समोर ठेवून निरखावे. काळी जागा जवळजवळ तशीच सोडली आहे आणि मोजक्या पांढऱ्या रेषांमधून चाल, कंबरेचा वाक, काठीवरचा भार उभा राहतो. लिनोमध्ये कोरलेले पांढरे उमटते, न कोरलेले काळे. कागदावर पेन्सिलीने चित्र काढणाऱ्याला हा उलटा हिशेब सुरुवातीला चकवतो. म्हणून लिनोला आधी काळा रंग देऊन वर पांढऱ्या खडूने रेखाटन करावे. जे खडूचे, तेच कोरायचे.

चित्तप्रसाद यांची गोष्ट मुंबईतली. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाची चित्रे काढणारा हा चित्रकार १९४६ साली मुंबईत आला आणि पुढे अंधेरीत राहिला. पैशांची ओढाताण कायमची. अशा परिस्थितीत लिनो त्यांना सोयीचा पडला, कारण एका ठशातून अनेक प्रती निघत आणि त्या हातोहात पोचत. कामाला जुंपलेल्या मुलांवर त्यांनी केलेली लिनोकट पुढे युनिसेफच्या डॅनिश समितीने पुस्तकरूपाने काढली. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, रस्त्यावर झोपणारी ती मुले ठळक काळ्यापांढऱ्यात अशी बसवली आहेत की, एकही रेष फुकट गेलेली दिसत नाही.

कोरताना पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. लिनो थंडीत कडक होतो, तेव्हा तो दहा मिनिटे उन्हात ठेवावा किंवा उलट बाजूने कोमट इस्त्री फिरवावी. धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे असावा, पुढे कधीच नाही. अक्षरे असतील तर ती उलटी कोरावी लागतात. कागदावर मऊ पेन्सिलीने सरळ लिहून तो लिनोवर पालथा घालावा आणि मागून घासावा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात.

एकाच ठशातून अनेक रंग काढण्याची युक्ती पिकासोने १९५०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी, तिथले मुद्रक इदाल्गो आर्नेरा यांच्या मदतीने गाजवली. आधी फिकट रंगात सगळ्या प्रती छापायच्या, मग त्याच लिनोवर आणखी कोरून गडद रंग त्यावर चढवायचा, पुन्हा कोरायचे, पुन्हा छापायचे. शेवटच्या रंगापर्यंत ठसा जवळजवळ संपलेला असतो, म्हणून किती प्रती हव्यात ते पहिल्याच रंगाला ठरवावे लागते. प्रत्येक रंग नेमका आधीच्यावर बसावा यासाठी टेबलावर पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवून कागद त्यालाच टेकवतात.

खाचेतल्या शाईचा अनुभव घ्यायला फळांच्या रसाचे रिकामे टेट्रा पॅक पुरे. ते उकलून धुतले की आतली चकचकीत बाजू मिळते. कागद, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे त्यावर कर्कटकाने किंवा दाभणाने रेष ओढली की खाच पडते आणि तिच्या कडेला बारीक कंगोरा उभा राहतो. शाई त्या खाचेत चिंधीने दाबून भरायची आणि वरची जुन्या मलमलीने हलक्या हाताने पुसून काढायची. गडद काळे हवे तिथे वरचा चकचकीत थर सोलून टाकायचा; उघडा पडलेला कागद शाई शोषून धरतो. छापायचा कागद ओला करून टिपलेला असावा, कारण ओला कागदच खाचेत शिरतो. छोटी पाटी पुरीच्या प्रेसमध्ये जाड लोकर घालून दाबावी. मोठी असेल तर चमच्याने इंचाइंचाने घासणे आलेच, आणि रेष थोडी फिकट येते.

लिथोग्राफीचा जन्मच टंचाईतला. म्युनिकचा नाटककार आलोइस झेनेफेल्डर आपली नाटके स्वस्तात छापण्याचा मार्ग शोधत होता. १७९६ साली, हाताशी कागद नव्हता म्हणून त्याने धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी मेण, साबण आणि काजळीच्या शाईने दगडावर लिहिली आणि त्यातून पुढचे प्रयोग सुरू झाले, असे तो सांगत असे. दोनेक वर्षांत तेल-पाण्याच्या तत्त्वावरचे शिळामुद्रण उभे राहिले. पुण्याच्या चित्रशाळेची आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्याची देवादिकांची चित्रे महाराष्ट्राच्या घराघरांत गेली ती याच तंत्राने.

ती जड शिळा आज घरी कोण आणणार? फ्रेंच चित्रकर्ती एमिली एझिये यांनी २०११च्या सुमारास तिच्या जागी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल आणला. जाडसर फॉइल निस्तेज बाजू वर ठेवून काचेवर घट्ट गुंडाळायचा आणि व्हिनेगरने पुसून घ्यायचा. त्यावर कोरड्या साबणाच्या वडीने किंवा तेलकट खडूने चित्र काढायचे. मग वरून कोला पेय ओतायचे. कोलात फॉस्फोरिक आम्ल असते. त्याने मोकळ्या ॲल्युमिनियमचा गुण बदलतो आणि ते पाणी धरून ठेवू लागते. फॉइल धुऊन चित्र तेलाच्या बोळ्याने पुसून टाकले तरी त्याची तेलकट जागा कायम राहते. ओला स्पंज फिरवून तेलाच्या शाईचा रोलर चालवला की शाई फक्त चित्रावर बसते. स्पंज आणि रोलर यांची पाळी चुकली, फॉइल वाळला, की सगळीकडे काळे होते. बोटाचा तेलकट ठसासुद्धा इमानेइतबारे छापला जातो, म्हणून फॉइल कडेनेच धरायचा.

कोरणे नकोच असेल तर मोनोटाइप आहे. काचेवर शाईचा पातळ थर पसरायचा, चिंधी, काडी, कापूस यांनी नको तिथली काढून घ्यायची आणि वर कागद ठेवून घासायचे. प्रत एकच निघते. दुसरी अगदी पुसट. एदगार दगा यांनी १८७०च्या दशकापासून अशी शेकडो चित्रे केली आणि पुसट प्रतींवर पेस्टलने काम करून त्यांची नवी चित्रे बनवली. पॉल गोगँ शाई लावलेल्या कागदावर दुसरा कागद ठेवून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने रेखाटत. खालच्या बाजूला थरथरती, किंचित फुटलेली रेष उमटे. घरी हे करायला एक काच, एक पेन्सिल आणि अर्धा चमचा शाई लागते.

शाईशिवायही छाप निघतो. सोमनाथ होर यांनी १९७०च्या दशकात शांतिनिकेतनात ‘वुंड्स’ ही मालिका केली, ती पांढऱ्यावर पांढरी आहे. मातीच्या थापीवर सुरीने आणि तापलेल्या सळईने वार करायचे, तिच्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा लगदा दाबून वाळवायचा, अशी त्यांची रीत होती. कोऱ्या वह्यांची पाने रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढली की लगदा तयार होतो, आणि माती कुंभाराकडे मिळते.

शाईवर मात्र कंजुषी करून भागत नाही. शाळेतला पोस्टर कलर नुसता वापरला तर रोलरवरच वाळतो, विशेषतः विदर्भातल्या उन्हाळ्यात. त्यात ग्लिसरीनचे काही थेंब घातले तर तो थोडा वेळ ओला राहतो. खाचेच्या आणि फॉइलच्या कामाला तेलाचीच शाई हवी. काजळी आणि आटवलेले जवसाचे तेल हा तिचा जुना पाठ. जवस विदर्भ-मराठवाड्यात पिकते, पण तेल आटवणे आगीचे काम असल्यामुळे तयार डबी घेणे शहाणपणाचे. रोलर नसेल तर कापडात कापूस बांधून बोळा करावा. रोलर येण्यापूर्वी युरोपातले मुद्रकही चामड्याच्या बोळ्यांनीच शाई लावत. हत्यारे पुसायला टर्पेंटाइनऐवजी गोडेतेल आणि मग साबण वापरावा, म्हणजे गॅसजवळ धोका नाही. शाई लागलेला चमचा आणि पुरीचा प्रेस परत स्वयंपाकात न्यायचा नाही. नमुन्यासाठी वर्तमानपत्राचा कोरा कागद पुरतो. अंतिम प्रतीसाठी पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा, फार खरखरीत नसलेला हातकागद घ्यावा. प्रती दोरीवर चिमटे लावून वाळवतात. पावसाळ्यात तेलाची शाई कित्येक दिवस हाताला लागत राहते.

प्रती सारख्या निघू लागल्या की त्यांच्याखाली पेन्सिलीने अंक घालायची प्रथा आहे. ३/१२ म्हणजे बारांपैकी तिसरी. चित्रकार स्वतःसाठी ठेवतो त्या प्रतीवर ‘ए/पी’ असते. ठरलेल्या प्रती संपल्या की पुष्कळ जण ठशावर आडवी रेघ कोरून तो रद्द करतात.

मोठ्या प्रेसची गरज पडली तर दारे बंद नाहीत. बडोद्यात १९९९ साली चित्रकारांनी सुरू केलेला ‘छाप’ हा स्टुडिओ आहे, भोपाळच्या भारत भवनात मुद्राचित्रणाची कार्यशाळा आहे. घरी टेट्रा पॅकवर कोरलेली पाटी तिथल्या रुळांखालून गेली की चमच्याने न उमटलेली मखमली कड रेषेला येते. ती कड त्या बारीक कंगोऱ्याची असते आणि तो प्रत्येक छापाला थोडा चेपत जातो. म्हणून प्रेसवर न्यायच्या पाटीचे घरी एकदोनच नमुने काढावेत.