छत्रीचा संच आणि घरातील बिनतारी जाळे

नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका तेलंगणाच्या सीमेस लागून आहे. मांजरा नदीच्या या खोऱ्यातील गावांत मराठीइतकीच तेलुगूही कानी पडते. येथील बहुतेक घरांच्या माळवदांवर वा पत्र्यांवर आज उपग्रहाकडे तोंड केलेली एक छत्री दिसते. घरात दूरचित्रवाणीचा संच असतो आणि अलीकडे अनेक घरांत बिनतारी जाळे, म्हणजे वाय-फायचा राउटरही आलेला आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ही दोन साधने एकाच भिंतीच्या दोन अंगांस असूनही एकमेकांस अनोळखी राहतात. त्यांचा मेळ कसा घालावा व तो घालताना कोणत्या चुका टाळाव्यात, हे समजून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

हिताचे अशासाठी, की खरीपाच्या तोंडाशी दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर हजारो रुपयांचे बियाणे अवलंबून असते. पहिल्या सरीवर भुलून सोयाबीन वा कापूस टोकला आणि नंतर पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च माथी बसतो. साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी खात्याचा व विद्यापीठाचा सल्ला असतो. हा सल्ला ज्या दिवशी हवा त्या दिवशी घरात पोहोचला, तरच त्याचा उपयोग.

पूर्वीचे प्रयोग

शेतीची माहिती वाऱ्यावरून गावात आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रास नवा नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग केला. त्यात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे होती. गावातील सुमारे वीस माणसे एकत्र बसत, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. त्या वेळी बिलोली तालुका हैदराबाद राज्यात होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, म्हणून या प्रयोगाचा लाभ त्यास मिळाला नाही.

पुढे २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी 'कृषी दर्शन' हा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सुरू झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. शेजारची कर्नाटक व आंध्र प्रदेश ही राज्ये मात्र होती. त्या वेळी गावात बसविलेली छत्री सुमारे १० फूट व्यासाची असून ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची केलेली होती. आज दोन फुटांची छत्री तेच काम करते, आणि ती एका घराच्या मालकीची असते.

या सर्व प्रयोगांतून एक धडा मिळाला. केवळ ऐकणे वा पाहणे पुरेसे नसते. ऐकलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारण्याची सोय असावी लागते. छत्री ही सोय देत नाही, कारण उपग्रहाचे प्रक्षेपण एकेरी असते. वरून खाली येते, खालून वर जात नाही. बिनतारी जाळ्यातून येणारे इंटरनेट दुहेरी असते. या दोहोंचा मेळ घालण्याचे खरे प्रयोजन हेच होय. चुकलेला कार्यक्रम पुन्हा पाहता येतो, हा दुसरा लाभ.

प्रथम छत्री नीट बसवावी

छत्री चुकीची असेल, तर पुढील सर्व खटपट व्यर्थ जाते. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' ही सेवा २००४ साली सुरू झाली. तिला मासिक भाडे नाही. तसे भाडे कोणी मागत असेल, तर तो फसवीत आहे असे समजावे. ही सेवा 'जीसॅट-१५' या उपग्रहावरून मिळते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या ठिकाणी तो पृथ्वीच्या गतीने फिरत असल्यामुळे आपणांस स्थिर भासतो.

बिलोलीहून पाहिल्यास हा उपग्रह आग्नेयेस, दक्षिणेकडे किंचित झुकून, म्हणजे उत्तरेपासून मोजल्यास सुमारे १३९ अंशांवर येतो. क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ६१ अंश असते. दिशा मोबाइलमधील होकायंत्राने पाहता येते. मात्र तो लोखंडी खांबापासून दोन-तीन हात दूर धरावा, अन्यथा सुई फसते. होकायंत्र नसेल, तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमारास सूर्य जवळजवळ त्याच दिशेस असतो. त्यावरून दिशा कळते, उंची नव्हे.

खांब ओळंब्याने सरळ उभा करावा. खांब कलला, तर मागील पट्टीवरील अंश खोटे ठरतात. बाजारात मिळणाऱ्या छत्रीचा पृष्ठभाग आकाशाकडे फारसा वळलेला न दिसता बराच उभा दिसतो. ही तिची घडणच आहे. म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने ती वर उचलू नये, पट्टीवरील अंशांवर विश्वास ठेवावा. समोर लिंबाचे वा चिंचेचे झाड नसावे. आज नसले, तरी पावसाळ्यात पालवी फुटल्यावर फांदी आड येईल काय, हे आधीच पाहावे.

संचाच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक शक्तीची व दुसरी गुणवत्तेची. पहिली पट्टी भरली म्हणजे काम झाले असे नव्हे. तिच्यावरून केवळ तार व एलएनबी चालू असल्याचे समजते. योग्य उपग्रह मिळाल्याची खूण दुसरी पट्टी होय. ती वाढेपर्यंत छत्री बोटभर-बोटभर सरकवावी आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबावे. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू फिरवून पट्टी कोठे सर्वाधिक होते ते पाहावे व मगच नट आवळावेत. जोराच्या पावसात चित्र तुटते, कारण या लहरी पावसाच्या थेंबांत क्षीण होतात. तेवढ्यासाठी छत्री हलवू नये. सर ओसरली की चित्र परत येते.

संचास जाळ्याशी जोडणे

येथे एक गैरसमज दूर करावयास पाहिजे. घरातील बिनतारी जाळे म्हणजे इंटरनेट नव्हे. जाळे हे घरातल्या पाटासारखे आहे. पाणी बाहेरच्या कालव्यातून, म्हणजे फायबरच्या तारेतून वा सिमकार्डातून यावे लागते. पाट उत्तम असून कालवा कोरडा असू शकतो. म्हणून बिघाड झाल्यास तो कोणत्या टप्प्यात आहे, हे प्रथम पाहावे. त्याच जाळ्यावर मोबाइल चालत असेल, तर दोष संचाच्या बाजूस असतो; मोबाइलही चालत नसेल, तर संचास दोष देऊ नये.

जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

(१) संचाची मागील बाजू पाहावी. तेथे लॅन तारेचे भोक आहे काय, यूएसबीचे भोक आहे काय, व पुस्तिकेत वाय-फायचा उल्लेख आहे काय, याची नोंद घ्यावी. मोफत सेवेचे अनेक साधे संच जाळ्याशी जोडताच येत नाहीत. असा संच असल्यास व्यर्थ खर्च करू नये. दूरचित्रवाणी संच स्वतः जाळ्याशी जोडता येत असल्यास तो जोडावा.

(२) संचास यूएसबीचे भोक असल्यास वाय-फायचा डोंगल लावण्याची प्रथा आहे. परंतु कोणताही डोंगल कोणत्याही संचास चालत नाही. दुकानदाराकडे संच नेऊन, लावून पाहूनच पैसे द्यावेत.

(३) रिमोटवरील मेनूमध्ये सेटिंग व त्यात नेटवर्क हा विभाग उघडावा. जाळ्यांची नावे दिसतील, त्यांतून आपले निवडावे. आपले नाव दिसतच नसेल, तर राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालू असण्याचा संभव आहे. अनेक संचांस २.४ गिगाहर्ट्झचीच लहर कळते. राउटरमध्ये ती चालू करावी.

(४) पासवर्ड टंकताना इंग्रजी लहान व मोठी अक्षरे निराळी मानली जातात, हे ध्यानात ठेवावे. बहुतेक जोडण्या याच ठिकाणी अडतात.

(५) पत्त्याची मांडणी आपोआप होईल अशी, म्हणजे 'ऑटो' ठेवावी. संचावरील तारीख व वेळ तपासावी. ती चुकीची असल्यास जोडणी होऊनही कार्यक्रम उघडत नाहीत.

भिंती, पत्रे आणि राउटरची जागा

मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांच्या दगडमातीच्या भिंती दीड-दोन हात जाड असतात. त्या उन्हाळ्यात गारवा देतात, पण बिनतारी लहरी अडवितात. पत्र्यातून तर लहरी जवळजवळ जातच नाहीत. म्हणून राउटर लोखंडी कपाटात, पत्र्याच्या पेटीमागे अथवा दूरचित्रवाणी संचाच्या पाठीशी ठेवू नये. घराच्या मध्यभागी, दाराच्या रेषेत, फळीवर उंच जागी तो ठेवावा. दोन लहान खोल्यांच्या घरात एवढ्यानेच काम भागते.

संच दोन जाड भिंतींपलीकडे असल्यास लॅनची तार घालणे सर्वांत भरवशाचे. एक सलग तार १०० मीटरपर्यंत चालते. ती विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेऊ नये आणि उंदरांच्या वाटेवर उघडी टाकू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संच चालवावयाचा असेल, तर हिशेब आधी करावा. साध्या प्रतीचे चित्र तासास सुमारे एक जीबीपर्यंत व उच्च प्रतीचे तीन जीबीपर्यंत डेटा खाते. दिवसास दीड जीबी मिळत असल्यास सकाळीच तो संपून संध्याकाळचा हवामानाचा सल्ला हुकतो. याउलट, छत्रीवरून येणाऱ्या वाहिन्यांस डेटा मुळीच लागत नाही. म्हणून करमणूक छत्रीवरून व सल्ला जाळ्यावरून, अशी विभागणी ठेवणे काटकसरीचे होय.

विजेपासून सावधगिरी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात वळवाच्या व परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. छतावरील लोखंडी छत्रीपासून निघालेली तार थेट घरात येते. तीच तार संचातून लॅनच्या तारेने राउटरपर्यंत गेली, तर एका तडाख्यात दोन्ही साधने जळतात. म्हणून ढग गडगडण्यापूर्वी, आभाळ भरून येताच, छत्रीची तार संचापासून व विजेचे प्लग भिंतीपासून काढून ठेवावेत. गडगडाट सुरू झाल्यावर तारेस हात लावू नये व माळवदावर तर मुळीच चढू नये. खांबास जाड तारेने जमिनीत स्वतंत्र अर्थिंग द्यावे. ते काम जाणत्या वायरमनकडून करवावे. विजेच्या वाहिनीखाली वा तिच्या कवेत खांब उभारू नये. निसटलेला खांब तारेस लागून प्राण जातात. चित्र एक दिवस बुडाले तरी चालेल, माणूस बुडता कामा नये.

गावाने काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम केवळ घरमालकाचे न समजता गावाचे समजावे. ज्या घरी मोठा पडदा व जाळे आहे, त्या घरी वा ग्रामपंचायतीत मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी शेतकऱ्यांनी जमावे. याच दोन दिवशी कृषी हवामान सल्ला प्रसिद्ध होतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परभणी येथील केंद्राकडून येणारा सल्ला मोठ्याने वाचावा व आपल्या शिवारात प्रत्यक्ष किती पाऊस पडला याच्याशी तो ताडून पाहावा. 'मेघदूत' या ॲपवर जिल्ह्याचा अंदाज व 'दामिनी' या ॲपवर विजेचा इशारा मिळतो. उरलेल्या शंका सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचाराव्यात. ज्यास वाचता येत नाही, त्याच्यासाठी शाळेतील मुलाने वाचून दाखवावे. ज्यास मराठीपेक्षा तेलुगू जवळची, त्यास शेजाऱ्याने समजावून सांगावे.

१९५६ सालच्या श्रोतामंडळांत गावचे वीस लोक एका पेटीभोवती बसत. आज प्रत्येक घरात स्वतंत्र पडदा आला, पण एकत्र बसून विचार करण्याची ती रीत मागे पडली. नवे साधन जुन्या रीतीस जोडले, तरच ते फळास येते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तिफण जुंपावी की चार दिवस थांबावे, हा निर्णय शेवटी शेतकऱ्यासच घ्यावयाचा असतो. तो घेताना त्याच्या हाती ताजी व खरी माहिती असावी, एवढ्यासाठीच ही छत्री, ही तार आणि हा सारा खटाटोप.